काजव्यांच्या रात्री गाड्यांचा आकडा ठरवा: वन, पर्यटन आणि जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मुख्य वन्यजीव रक्षक, महाराष्ट्र राज्य
पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन
जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, अहिल्यानगर

विषय: कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात काजव्यांच्या हंगामात रात्री येणाऱ्या वाहनांची संख्या ठरवून देण्याबाबत

सविनय नमस्कार.

यंदाच्या काजव्यांच्या हंगामाआधी आमच्या भागात बैठक झाली, तेव्हा गावकऱ्यांनी एकच मुद्दा लावून धरला होता. शनिवार-रविवारच्या रात्री अभयारण्याच्या प्रवेश नाक्यातून आत किती गाड्या सोडायच्या, त्याचा आकडा ठरवा. उत्तर मिळालं, की या वर्षी ते जमणार नाही, पर्यटकांना गर्दी टाळण्याचं आवाहन करू. आवाहन निघालं. जूनचा पहिला शनिवार आला आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतालचा रस्ता दरवर्षीसारखाच गाड्यांनी भरून गेला. आता पुढच्या हंगामाला अवकाश आहे, निर्णय घ्यायला पुरेसा वेळ आहे, म्हणून हे पत्र आत्ताच आणि सगळ्यांसमक्ष लिहिते आहे. ते आपल्या नावे असलं तरी मुंबई, पुणे, नाशिकहून काजवे बघायला येणाऱ्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत हा रस्ता परत शेंडीला येतो. आम्ही महादेव कोळी. घरची थोडी भातखाचरं आहेत, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून विकतो, आणि घराला लागून बांधलेल्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवतो. नागलीची भाकरी, पिठलं, खर्डा, काळभाताचा भात असा स्वयंपाक मी करते. दीर पाहुण्यांना रात्री जंगलाच्या कडेनं फिरवून आणतात. काजव्यांच्या महिन्यात हाती येणाऱ्या पैशातून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळची मजुरी आणि मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. माझं पोट या पर्यटनावर आहे, आणि तरीही मी त्याला मर्यादा मागते आहे, हे आधी लक्षात घ्यावं.

मे महिना संपत आला, वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, की आमच्याकडे काजवे उमलतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही त्यांची झाडं. अंधार पडल्यावर साडेसातच्या पुढे सुरुवात होते. एखाद्या सादड्यावर बसलेले काजवे सगळे मिळून पेटतात आणि सगळे मिळून विझतात, लगेच शेजारचं झाड पेटतं, मग ओढ्यापलीकडचं. डोंगराच्या उतारावर हा उजेड लाटेसारखा वर चढत जातो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो पाहावा असं मला मनापासून वाटतं. शहरात वाढलेली मुलं पहिल्यांदा हे बघतात तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पण हा उजेड कशासाठी असतो, ते आपल्या नियमावलीत कुठेच ठळकपणे लिहिलेलं नसतं. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. नर उडत किंवा झाडावर बसून लुकलुकतो, मादी बहुतेक वेळा खाली गवतात किंवा झुडपाच्या पानावर बसून त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीच्या लुकलुकण्याचा ताल वेगळा असतो आणि तो ओळखूनच जोडी जमते. पूर्ण वाढलेला काजवा फार तर काही आठवडे जगतो, त्या काळात जवळजवळ काही खात नाही. त्याला मीलनासाठी एवढ्याच रात्री मिळतात. मादी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात अंडी घालते. अळी तिथंच महिनोन् महिने राहते, गोगलगायी खाऊन वाढते. म्हणजे रस्त्याच्या कडेची ओली माती, बांधावरचं गवत, झाडाखालचा पाचोळा हेच काजव्याचं घर. पुढच्या वर्षी दिसायचे काजवे यंदा आपल्या पायाखाली असतात.

एवढं समजलं की आमची पहिली तक्रार आपोआप समजते. ती उजेडाची आहे. एका रात्रीत गाड्यांची न संपणारी रांग या रस्त्यानं जाते. हेडलाइट बंद ठेवा असा नियम आहे, पण वळणावळणाच्या, कठडे नसलेल्या अरुंद रस्त्यावर अनोळखी चालक हेडलाइट बंद करून गाडी कशी चालवणार? त्यानं तो नियम पाळावा अशी अपेक्षाच चुकीची आहे, पाळला तर अपघात होईल. त्यामुळे गाडी आत आली की उजेड आलाच. झोत झाडावर पडला की तिथलं लुकलुकणं मंदावतं, पुष्कळदा थांबतं. नराला मादीचं उत्तर दिसत नाही. मग लोक म्हणतात, इथं काही नाही, पुढे चला. पुढच्या झाडापाशी पुन्हा तेच. त्यात मोबाइलचे टॉर्च आणि फ्लॅश. काजव्यांचा फोटो फ्लॅशनं येत नाही, त्यासाठी कॅमेरा स्थिर ठेवून बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. हे कोणी सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण दोन-चार फ्लॅश मारून बघतोच.

आणि गाड्यांचा उजेड निदान पहाटेपर्यंत निघून जातो. जलाशयाकाठच्या तंबूंच्या छावण्यांतले हॅलोजन, झाडांना गुंडाळलेल्या एलईडीच्या माळा, हॉटेलांच्या आवारातले झोतदिवे रात्रभर आणि महिनाभर चालू असतात. जगभरच्या काजवा-अभ्यासकांची एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. काजव्यांपुढच्या संकटांत त्यांनी अधिवास नष्ट होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं ही तीन सर्वांत वर ठेवली होती. आमच्या भागात कीटकनाशकं अजून बेताचीच आहेत. जंगलही अभयारण्य म्हणून १९८६ पासून संरक्षित आहे. उरतो तो उजेड, आणि तो काजव्यांच्याच नावानं आत आणला जातो आहे.

दुसरी तक्रार पायांची. गाडी थांबली की माणसं उतरतात, जवळून बघायला झाडाखाली जातात, गवतात शिरतात. काही जण फांद्या हलवतात, काही बाटलीत काजवे पकडतात. ते वाईट माणसं असतात असं मी म्हणणार नाही. मुलाला दाखवायचं म्हणून करतात, समजावलं की बहुतेक जण ऐकतातही. पण समजावणारा एक आणि उतरणारे शेकडो, असं झालं की कुणाकुणाला सांगणार? मेक्सिकोत नानाकामिल्पा नावाचा काजव्यांसाठी प्रसिद्ध झालेला डोंगरी भाग आहे. तिथल्या काजव्याच्या मादीला उडता येत नाही. ती जमिनीवरच असते आणि पर्यटकांच्या पायाखाली चिरडली जाते, हे तिथल्या अभ्यासकांनी मांडलं आहे. आपल्याकडच्या माद्याही गवतातच बसलेल्या असतात.

याच दिवसांत आमची भाताची रोपं उगवत असतात. रस्त्यालगतचं मोकळं दिसणारं वावर हे शहरातल्या माणसाला पार्किंग वाटतं. वाफ्यांवरून चाकं गेली की ते रोप गेलं, आणि रोप गेलं की आवणीला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. कचऱ्याबद्दल मी फार लिहीत नाही. रविवारी सकाळी गावातल्या बाया आणि शाळेची पोरं बाटल्या, पत्रावळ्या, वेफर्सची पाकिटं वेचतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी तक्रार आमच्या रोजच्या जगण्याची. या गावांना दवाखान्याकडे जायला हाच रस्ता आहे. मागे एका शनिवारी रात्री शेजारच्या वाडीतल्या एका आजींना दम लागला. राजूरच्या रुग्णालयात न्यायचं होतं. जीप निघाली आणि काही अंतरावर समोरासमोर अडकलेल्या गाड्यांत थांबली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. गावातली पोरं अंधारात पुढे धावत गेली, एकेका चालकाला विनवून गाडी बाजूला घ्यायला लावली, तेव्हा कुठे वाट झाली. आजी वाचल्या. पण त्या रात्रीपासून आमच्या गावात ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा दिवस भरलेली बाई असते, ते काजव्यांच्या दिवसांत शुक्रवारीच त्यांना खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. स्वतःच्या गावात राहणाऱ्या माणसांवर ही वेळ का यावी? लाउडस्पीकर तर रात्री दहा ते सकाळी सहा बंद असला पाहिजे, ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. अभयारण्याच्या आत गाडीतला साउंड मध्यरात्रीपर्यंत दणाणत असतो.

आता पैशाबद्दल, कारण मर्यादेचा विषय निघाला की "गावकऱ्यांचा रोजगार बुडेल" हे कारण आमच्याच नावानं पुढे केलं जातं. शनिवारी गावातल्या सगळ्या खोल्या, सगळे तंबू भरतात. ते भरल्यानंतर जी गर्दी येते ती इथं राहत नाही. डबा बरोबर असतो, पाणी बरोबर असतं, रात्री बारा-एकला ती परत फिरते. तिच्याकडून गावाला फार तर चहाचे पैसे मिळतात, आणि रस्ता, उजेड, कचरा यांचा सगळा भार मात्र तीच टाकते. मंगळवारी तेच काजवे त्याच झाडांवर असतात. खोल्या रिकाम्या असतात. माझ्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्यांत समाधानानं परतलेले बहुतेक सोमवार ते गुरुवारचे. शनिवारी घाटात अडकून दमलेले, चिडलेले पाहुणे पुन्हा येत नाहीत, आणि दुसऱ्यांनाही येऊ नका म्हणून सांगतात. हीच माणसं हंगामाच्या चार-पाच आठवड्यांत, आठवड्याच्या सातही दिवसांत विभागली गेली तर आमचं उत्पन्न वाढेल. दोन दिवसांत सगळी कोंबली तर कोणाचंच भलं होत नाही.

म्हणून "गर्दी टाळा" या आवाहनावर माझा आक्षेप आहे. गर्दी टाळणं पर्यटकाच्या हाती सोपवलेलं आहे, पण त्याला टाळण्यासाठी लागणारी माहिती दिलेली नाही. आज आत किती गाड्या गेल्या, किती जागा उरली, उद्या काय अवस्था असेल, यातलं काही त्याला घरून निघताना कळत नाही. तो दोनशेच्या आसपास किलोमीटर गाडी चालवून, पोराबाळांना घेऊन नाक्यावर येतो. तिथं त्याच्याकडून पावती फाडून घेतली जाते आणि गाडी आत जाते. तो परत का जाईल? ज्या नाक्यावर पैसे मोजले जातात त्याच नाक्यावर गाड्या मोजता येतात.

दुसरं, प्रसिद्धी. काजवा महोत्सव म्हणून जाहिरात करताना तारखा आधी ठरतात. काजवे तारखेनं येत नाहीत, पावसाच्या चालीनं येतात. वळीव लवकर झाला तर मेच्या शेवटी भर असतो, लांबला तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातो, आणि मोठा पाऊस लागला की बहर ओसरतो. जाहिरात मात्र सगळ्यांना त्याच एक-दोन शनिवार-रविवारांकडे ओढून आणते. सरकारच बोलावतं आणि मग सरकारच आवाहन करतं की येऊ नका.

मर्यादा घालणं अशक्य आहे, हे मला पटत नाही, कारण आपल्याच राज्यात ती घातलेली आहे. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं, फुलांच्या हंगामात तिथं माणसांचा पूर लोटू लागला, तेव्हा दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी आली. कासच्या जाळीच्या कुंपणावरून वाद झाले, ते मला माहीत आहेत, आणि तिथलं सगळंच बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. पण आकडा ठरवता येतो, लोक तो मानतात आणि गावकऱ्यांची समिती तो राबवू शकते, हे कासनं दाखवलं. काजव्यांचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट म्हणून जागा आहे. तिथलेही काजवे आपल्यासारखे एका तालात लुकलुकतात. तिथं हंगामातल्या मोजक्या रात्रींसाठी गाड्यांचे परवाने सोडत काढून देतात, बाकी गाड्यांना संध्याकाळनंतर प्रवेश नसतो. येणाऱ्यांना टॉर्चवर लाल किंवा निळा कागद लावायला सांगतात, आखलेल्या वाटेवरून चालायला सांगतात. सोडतीत नंबर न लागलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो. आपल्याकडचा माणूसही करेल. शिर्डीच्या दर्शनाची वेळ तो मोबाइलवर नोंदवतो, ताडोब्याच्या सफारीची जीप काही महिने आधी नोंदवतो. शिस्तीची त्याला सवय आहे, व्यवस्था असली पाहिजे.

कायद्याची अडचणही मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि पर्यटनासाठीचा परवाना कलम २८ खाली दिला जातो. परवाना देण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला तो किती द्यायचा हेही ठरवता येतं. आत जमीन असलेल्या आम्हा गावकऱ्यांचा हक्क त्याच कायद्यानं राखलेला आहे, त्यामुळे मर्यादा आली तर ती पर्यटकांच्या गाड्यांवर येईल, आमच्या ये-जा करण्यावर येणार नाही. मला सांगण्यात आलं की हा सार्वजनिक रस्ता आहे, त्यावरून जाणाऱ्याला अडवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याची तरतूद आहे. घाटांत अवजड वाहनांना बंदी घालताना तिचा वापर होतोच. वन विभागानं परवान्याचा आकडा ठरवायचा आणि जिल्हा प्रशासनानं रस्त्याची अधिसूचना काढायची, ही दोन कामं एकत्र झाली तर पळवाट राहत नाही. आजवर ही दोन कामं दोन कार्यालयांत वेगवेगळी पडून आहेत. आमचं निवेदन एका ठिकाणी दिलं की दुसऱ्या ठिकाणी जा म्हणतात. पत्र तुम्हा सर्वांना एकत्र लिहिण्याचं कारण तेच आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

रात्रीच्या गाड्यांची संख्या ठरवावी. जंगल किती भार सोसू शकतं, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास कीटक-अभ्यासकांकडून करून घ्यावा. तो होईपर्यंत थांबू नये. तोवर साधा हिशेब ठेवावा: शेंडी आणि रतनवाडीच्या बाजूला ठरवून दिलेल्या वाहनतळांवर जितक्या गाड्या मावतात, तितक्याच परवान्यांवर त्या रात्री माणसं आत जावीत. खाचरात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी एकही गाडी उभी राहता कामा नये.

परवाना आगाऊ नोंदणीनं मिळावा आणि उरलेल्या जागा रोज सर्वांना दिसाव्यात. काजव्यांचा बहर पावसावर अवलंबून असल्यानं सगळे परवाने महिनाभर आधी विकून टाकू नयेत, निम्मे दोन-तीन दिवस आधी खुले करावेत. आठवड्याच्या मधल्या दिवसांचं शुल्क कमी ठेवावं. एसटीनं येणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसांसाठी राखीव जागा असाव्यात, नाहीतर हे जंगल फक्त गाडीवाल्यांचं होऊन बसेल. गावात मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचे परवाने त्या त्या गावाच्या समितीमार्फत द्यावेत, म्हणजे राहणाऱ्याला आधी संधी मिळेल.

संध्याकाळी सहानंतर खासगी वाहनं आत नकोत. वाहनतळापासून पुढे गावातल्या जीपगाड्या आणि एसटीच्या लहान बस ठरलेल्या वेळी सोडाव्यात. रस्ता माहीत असलेला चालक मंद दिव्यावर गाडी नेऊ शकतो, आणि मोठ्या झाडांपासून लांब थांबवू शकतो. गावातल्या तरुणांना यातून रोजगार मिळेल. रुग्णवाहिकेला वाट मिळेल. सगळ्या मागण्यांत ही मला सर्वांत जवळची आहे, कारण त्या एका शनिवारची रात्र मी विसरू शकत नाही.

१५ मे ते ३० जून या काळात अभयारण्यात आणि जलाशयाकाठी झोतदिवे, रोषणाईच्या माळा, लेझर, ड्रोन आणि ध्वनिवर्धक यांना पूर्ण बंदी असावी, आणि मोडणाऱ्या व्यवसायाचा परवाना त्या हंगामापुरता रद्द व्हावा. गावांतल्या रस्त्यावरच्या दिव्यांना टोपणं बसवून उजेड खाली पाडावा, आम्ही सहकार्य करू.

काही जंगल पूर्ण काळोखात राहू द्यावं. रस्त्याचा एक तुकडा दरवर्षी पर्यटकांसाठी बंद ठेवावा आणि आठवड्यातली एक रात्र सगळीकडेच बंद असावी. ती रात्र कोणती, ते ग्रामसभांना विचारून ठरवावं. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, १९९६ चा पेसा कायदा अशा आदिवासी भागातल्या ग्रामसभेला गावाची साधनसंपत्ती राखण्याचा अधिकार देतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ खाली जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. आम्हाला विचारणं हा उपचार राहू नये.

प्रवेश शुल्कातून किती रक्कम जमली आणि ती कुठे खर्च झाली, हे दर हंगामानंतर प्रत्येक गावाच्या फलकावर लावावं. आणि त्याच रकमेतला एक भाग काजव्यांच्या नोंदीसाठी ठेवावा. दरवर्षी तीच झाडं, तीच वेळ, तीच पद्धत वापरून नोंद व्हावी. आमच्या आश्रमशाळांतली मुलं आणि अकोले इथल्या महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम करू शकतील. म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वी घरात कंदील लावायची गरज वाटू नये इतके काजवे असत. मी ते खोटं मानत नाही, पण आपल्यासमोर पुरावा म्हणून ठेवता येईल असं ते नाही. नोंद ठेवली तर निदान पुढच्या पिढीला आपल्या आठवणींवर विसंबावं लागणार नाही.

एक गोष्ट मागत नाही, तेही सांगते. इथली गर्दी उचलून दुसऱ्या जंगलात ढकलू नका. सह्याद्रीत काजवे पुष्कळ ठिकाणी आहेत. राजमाचीला आहेत, भीमाशंकरच्या बाजूला आहेत, आमच्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीला आहेत, जिथं गावानं मिळून पाहुण्यांची सोय करण्याची पद्धत बसवली आहे. जाहिरातीचा झोत एका जागेवरून काढून दुसरीकडे नेला तर दोन-तीन वर्षांत तिथली माणसं असंच पत्र लिहितील. मर्यादेचा नियम सगळ्याच काजव्यांच्या जंगलांना लागू व्हावा.

आणि जे येणार आहेत त्यांना: आकडा ठरेपर्यंत निदान एवढं करा. सोमवार ते गुरुवारमध्ये या. शक्यतो अमावस्येच्या आगेमागे या, चांदणं नसलं की जास्त दिसतं. उजेड असतानाच गावात पोचा, गाडी अंगणात लावा आणि सकाळपर्यंत तिला हात लावू नका. गावातला माणूस बरोबर घ्या, तो थांबवेल तिथं थांबा. मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरा. घाईनं चार झाडं बघण्यापेक्षा एका झाडासमोर तासभर बसा. शनिवारशिवाय सुट्टी मिळत नसेल आणि नाक्यावर रांग दिसली, तर शेंडीतच मुक्काम करा आणि पहाटे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघायला जा. काजवे पुढच्या वर्षी बघता येतील, जर ते राहिले तर.

या मागण्यांवर आपला लेखी प्रतिसाद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आमच्या गावांना मिळावा. त्यात काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. ठरलेला आकडा आणि नियमावली १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशा बेतानं तयार व्हावी, कारण त्यानंतर तीन आठवड्यांत पहिले काजवे दिसायला लागतात. बैठकीला बोलावलंत तर आम्ही बाया-माणसं मिळून येऊ, वाहनतळाच्या जागा आणि मोठी झाडं कुठे आहेत त्याचा नकाशा गावातल्या पोरांनी काढून ठेवला आहे, तो घेऊन येऊ.

आपली,
भंडारदरा जलाशयाकाठच्या गावातली एक रहिवासी
ता. अकोले, जि. अहिल्यानगर